जाळी सरकवण्याआधी : संगणकातला अँटिव्हायरस बंद करायची वेळ आली तर

ठाण्यात खोपटला सिद्धेश्वर तलावाच्या बाजूच्या घरांत दिवेलागणीची एक शिस्त असते. खिडक्यांना डासांची जाळी लावून घ्यायची. कुणी वाळत घातलेला टॉवेल ओढायला जाळी सरकवली, की आतून आवाज येतोच, "जाळी लाव आधी!" दोन मिनिटं उघडी राहिलेली जाळी रात्रभर कानाशी गुणगुणते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

संगणकालाही अशी एक जाळी असते. ती विंडोजबरोबरच आलेली असते, वेगळी विकत घेतलेली नसते. त्यामुळे ती आड आली तरच तिची आठवण होते. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर बसत नाही, मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम उघडत नाही, मुलाचा गेम सुरू होता होता गायब होतो. मग फोनवरून कुणीतरी सांगतं, "अँटिव्हायरस बंद करा, लगेच होईल." आपण बंद करतो, काम होतं आणि जाळी उघडीच राहते. कधी काही तास, कधी महिनोन् महिने.

आमच्या इमारतीत संगणक अडला की शेजारी मला हाक मारतात. त्या अनुभवावरून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायची गरज बहुतेक वेळा नसतेच. जी एक फाइल अडली आहे, तिच्यापुरती वाट करून देता येते. खरोखरच बंद करावा लागला, तर थोडा वेळ, इंटरनेट तोडून, आणि परत सुरू झाल्याची खात्री करूनच करावा. हे कसं करायचं ते आपण एकेक पायरीने पाहू.

आधी ओळख करून घेऊ

अँटिव्हायरस म्हणजे संगणकात शिरू पाहणारे अपायकारक प्रोग्रॅम ओळखून त्यांना अडवणारा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'विंडोज डिफेंडर' आणला, तेव्हा तो फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधत असे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस झाला. आज त्याचं नाव 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस' असं आहे. त्याची सगळी बटणं 'विंडोज सिक्युरिटी' या खिडकीत असतात. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आधीपासून असतो, वेगळे पैसे भरावे लागत नाहीत.

तो तीन प्रकारे पारख करतो. पहिला प्रकार म्हणजे माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी. ही यादी इंटरनेटवरून रोज ताजी होत राहते. दुसरा प्रकार वागणुकीचा. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली बदलू लागला, तर नाव यादीत नसलं तरी त्याचा संशय येतो. तिसरा प्रकार, अनोळखी फाइल दिसली की मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या संगणकांना विचारणं, की ही तुम्ही कुठे पाहिली आहे का.

ही पारख फाइल उघडताना किंवा साठवताना त्याच क्षणी होते. याला 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' म्हणतात, म्हणजे क्षणोक्षणीचा पहारा. 'अँटिव्हायरस बंद करणं' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हाच पहारा थांबवत असतो.

कधीकधी चांगली फाइलही अडवली जाते. याला आपण खोटा गजर म्हणू. छोट्या कंपनीचं, फार थोड्या लोकांनी वापरलेलं सॉफ्टवेअर असलं, किंवा त्याच्यावर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसली, तर ते अनोळखी ठरतं आणि संशयात सापडतं. पण खोटा गजर आणि खरा गजर दिसायला सारखेच असतात. म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्याव्यात, एकही गाळू नये.

पायरी १ : अडवतंय कोण, ते पाहा

निम्म्या अडचणी इथेच सुटतात. पडद्यावर काहीही सूचना आली की आपण तिला 'अँटिव्हायरस' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात अडवणारे वेगवेगळे असतात.

पडद्यावर मोठी निळी चौकट येऊन 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असं लिहिलेलं दिसलं, तर ते 'स्मार्टस्क्रीन'चं काम. हा अनोळखी प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना थांबवणारा वेगळा पहारेकरी आहे. त्या चौकटीतल्या 'मोअर इन्फो'वर क्लिक केलं की प्रोग्रॅमचं आणि बनवणाऱ्याचं नाव दिसतं, आणि 'रन एनीवे' हे बटण येतं. नाव ओळखीचं असेल आणि फाइल योग्य जागेवरून घेतलेली असेल, तरच ते दाबावं. अँटिव्हायरस बंद करून ही चौकट जात नाही.

फाइल उतरवतानाच क्रोमसारख्या ब्राउझरने 'धोकादायक' म्हणून थांबवली, तर तो ब्राउझरचा स्वतःचा बंदोबस्त आहे. त्याचाही डिफेंडरशी संबंध नाही.

एखादा प्रोग्रॅम इंटरनेटशी किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकाशी बोलू लागला की परवानगी विचारणारी खिडकी येते. ती 'फायरवॉल'ची, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कच्या ये-जा वाटांवर लक्ष ठेवणाऱ्या भागाची. फायरवॉल बंद करायला सांगणारे पुष्कळ भेटतात. तो बंद करू नये. त्या एका प्रोग्रॅमला परवानगी दिली की पुरतं.

कोपऱ्यात निळ्या ढालीसह 'थ्रेट्स फाउंड' अशी सूचना आली, किंवा उतरवलेली फाइल डोळ्यांदेखत नाहीशी झाली, तरच डिफेंडरने अडवलं असं समजावं.

आणि यांपैकी काहीच दिसलं नाही, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. सॉफ्टवेअर बसवायला मुख्य वापरकर्त्याचे, म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार लागतात. फाइलवर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडून पाहावं. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, असंही होतं. अशा वेळी जाळी कितीही उघडली तरी काम होणार नाही.

पायरी २ : फाइल आली कुठून?

हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. फाइल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपण स्वतः उतरवली असेल, तर पुढे जायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवर आली, टेलिग्रामच्या गटातून मिळाली किंवा कुणी पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली असेल, तर ती बाजूला ठेवून मूळ जागेवरून पुन्हा उतरवावी. बऱ्याचदा नव्या प्रतीला डिफेंडर अडवतच नाही, कारण गडबड जुन्या प्रतीत असते.

पेन ड्राइव्हबद्दल विशेष सांगायला हवं. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात ते आठवा. तिथून आणलेला पेन ड्राइव्ह घरी लावल्यावर आधी त्याच्यावर उजवी क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा पर्याय घ्यावा. विंडोज ११ मध्ये तो 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत असू शकतो. फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले, तर ते उघडू नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महागडं सॉफ्टवेअर फुकट चालवणारे 'क्रॅक' आणि 'ॲक्टिव्हेटर' मिळतात. त्यांच्या सूचनांत पहिली ओळ असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' ही ओळ वाचली की तिथेच थांबावं. अशा फाइलींमधून येणारे चोर प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतातच, शिवाय आपण ज्या खात्यांत आधीच लॉगइन आहोत त्यांच्या खुणाही नेतात. मग ओटीपी न मागताही ते खातं दुसरीकडे उघडता येतं. ते सॉफ्टवेअर फुकट पडत नाही, त्याची किंमत नंतर आणि अंदाजापेक्षा मोठी भरावी लागते. त्याच कामाची कायदेशीर मोफत सॉफ्टवेअरं उपलब्ध आहेत. पत्रं आणि हिशेबासाठी लिबरऑफिस आहे, चित्रांसाठी गिंप, छपाईच्या रेखाटनासाठी इंकस्केप.

शंका राहिलीच, तर 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर ती फाइल चढवावी. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही मोफत सेवा एकाच फाइलीची तपासणी डझनावारी अँटिव्हायरसांकडून करून घेते. एखाद-दुसऱ्यानेच लाल खूण दाखवली, तर खोटा गजर असू शकतो. बऱ्याच जणांनी दाखवली, तर फाइल टाकून द्यावी. एक पथ्य पाळावं. तिथे चढवलेली फाइल इतर तपासणाऱ्यांनाही मिळते, म्हणून आधार, पॅन किंवा बँकेची कागदपत्रं तिथे कधीही चढवू नयेत.

पायरी ३ : नोंदवही वाचा

डिफेंडर कुणालाही अडवतो, तेव्हा त्याची नोंद ठेवतो. ती पाहायला स्टार्ट बटण दाबून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करावं आणि ती खिडकी उघडावी. तिथे 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' निवडून 'प्रोटेक्शन हिस्टरी' या ओळीवर क्लिक करावं.

प्रत्येक नोंदीत धोक्याचं नाव, त्याची पातळी आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो. 'सिव्हिअर' असं लिहिलं असेल तर धोका गंभीर समजावा. पत्ता नीट वाचावा, कदाचित लिहूनही घ्यावा. पुढच्या पायरीला तोच लागणार आहे.

अडवलेली फाइल बहुधा लगेच पुसली जात नाही. ती 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कोठडीत ठेवतात. करोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोहोचला, अर्थ तोच. नोंदीच्या खालच्या 'ॲक्शन्स'मधून 'रिस्टोर' निवडलं की ती परत जागेवर येते, 'अलाउ ऑन डिव्हाइस' निवडलं की तिला परवानगी मिळते. पायरी २ मध्ये फाइल खरी ठरली असेल, तर बहुतेकांचं काम इथेच संपतं. पहारा बंद करावाच लागत नाही.

या नोंदी दोनच आठवडे राहतात. महिन्यापूर्वी काय अडलं होतं, ते इथे सापडणार नाही.

पायरी ४ : पाइपापुरतं भोक

खिडकीतून एसीचा पाइप बाहेर काढायचा असला, तर आपण पूर्ण जाळी काढून टाकत नाही. पाइपापुरतं भोक पाडतो आणि कडेने बुजवून घेतो. डिफेंडरमध्ये याला 'एक्सक्लूजन' म्हणतात, म्हणजे तपासणीतून वगळणं. तेच सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा अडत असेल, तर हा मार्ग धरावा.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर 'मॅनेज सेटिंग्ज' दाबावं. उघडलेल्या पानाच्या तळाकडे 'ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स' आहे. तिथे क्लिक केल्यावर विंडोज परवानगी विचारतं, 'येस' म्हणावं. मग 'ॲड ॲन एक्सक्लूजन' दाबलं की चार पर्याय येतात : फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार आणि प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम.

आपल्यासाठी पहिला पर्याय सर्वांत सुरक्षित, कारण त्यात एकच फाइल वगळली जाते. ते पुरलं नाही तर त्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं फोल्डर निवडावं. फाइलचा प्रकार हा पर्याय घेऊच नये. 'ईएक्सई' प्रकार वगळला, तर संगणकातला झाडून सगळा चालणारा प्रोग्रॅम तपासणीतून सुटतो.

इथे लोक नेहमी ज्या चुका करतात, त्या सांगतो. पहिली चूक म्हणजे 'डाउनलोड्स' हे पूर्ण फोल्डर वगळणं. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी तिथेच उतरते, म्हणजे भोक नेमकं डासांच्या वाटेवर पाडलं. दुसरी चूक, झिप फाइल वगळायची आणि ती दुसरीकडे उलगडायची. आतली फाइल नव्या जागी गेली की पुन्हा अडवली जाते. तिसरी, बसवण्याची फाइल वगळायची आणि बसलेला प्रोग्रॅम विसरायचा. तो बहुधा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये जाऊन बसतो. म्हणूनच नोंदवहीतला पत्ता लिहून घ्यायला सांगितलं.

चौथी चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका शेजारणीच्या लॅपटॉपवर डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर बसत नव्हतं. फोनवरच्या मदतनिसाने त्यांच्याकडून वगळण्याच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घालून घेतला. काम झालं. पुढे कित्येक महिने ढालीवर हिरवी खूण दिसत होती, त्यामुळे त्यांना सगळं ठीक वाटत होतं. प्रत्यक्षात त्या ड्राइव्हवरची एकही फाइल तपासली जात नव्हती. जे वगळलं आहे, ते क्षणोक्षणीच्या पहाऱ्यातूनही सुटतं आणि पूर्ण तपासणीतूनही. आणि हिरवी खूण ते सांगत नाही. ती यादी आपल्यालाच उघडून वाचावी लागते.

वगळलेलं सॉफ्टवेअर विश्वासू असलं तरी ती वाट कायमची ठेवू नये. याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एमईडॉक' या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. लोकांनी कुठली संशयास्पद फाइल उघडली नव्हती. नेहमीच्या विश्वासाच्या वाटेनेच तो आत आला. तिथून तो डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत घुसला आणि मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावा शेवा बंदरातल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. ज्या बंदराचे कंटेनर ट्रक आपण घोडबंदर रस्त्यावर रोज पाहतो, तेच हे बंदर. आज खरी असलेली फाइल उद्याच्या अपडेटनंतरही खरी राहील, याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून काम झालं की वगळलेली नोंद त्याच पानावरून 'रिमूव्ह' करावी.

पायरी ५ : जाळी सरकवायचीच असेल तर

वरचे सगळे उपाय करूनही एखादं खरं सॉफ्टवेअर बसत नाही, असं क्वचित होतं. तेव्हा पहारा थोडा वेळ थांबवावा. पण तयारी आधी.

महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ती डिस्क काढून ठेवावी. हवी ती फाइल आधीच उतरवून, तपासून ठेवावी; पहारा थांबवल्यावर काहीही नव्याने उतरवू नये. सॉफ्टवेअरला बसताना इंटरनेट लागत नसेल, तर वायफाय बंद करावं. पेन ड्राइव्ह काढावेत, ईमेल आणि ब्राउझर बंद करावेत.

आता 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' आणि मग 'मॅनेज सेटिंग्ज' इथे यावं. सर्वांत वर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन'चं बटण आहे. ते 'ऑफ' करावं. विंडोज परवानगी विचारेल, 'येस' म्हणावं. ढालीवर लाल खूण येईल. घाबरू नये, ती यायलाच हवी.

खालची बाकीची बटणं तशीच ठेवावीत. 'टॅम्पर प्रोटेक्शन' नावाचं एक बटण तिथे दिसेल. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने आपल्या नकळत अँटिव्हायरसच्या सेटिंग बदलू नयेत, म्हणून ते असतं. ते चालू असतानाही आपण स्वतः या खिडकीतून पहारा थांबवू शकतो. म्हणून 'आधी टॅम्पर प्रोटेक्शन बंद करा' असं कुणी सांगितलं, तर त्याला त्या खिडकीतून काम करायचंच नाही, असं समजावं.

सॉफ्टवेअर बसवावं. बसलं की वायफाय लावण्याआधी त्याच पानावर येऊन बटण 'ऑन' करावं. काही वेळाने विंडोज ते आपोआप सुरू करतं, हे खरं. पण तो 'काही वेळ' किती, हे आपल्या हातात नसतं. त्यावर विसंबू नये.

पायरी ६ : आत शिरलेला डास

जाळी लावली म्हणून आधी आत आलेला डास बाहेर जात नाही. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

पहारा सुरू झाला की वायफाय लावावं. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन अपडेट्स'मधून 'चेक फॉर अपडेट्स' दाबून खुणांची यादी ताजी करावी. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'फुल स्कॅन' निवडावा. जुन्या लॅपटॉपवर त्याला काही तास लागतात. रात्री चार्जर लावून सुरू करून ठेवावा.

नव्या सॉफ्टवेअरला या तपासणीत पुन्हा अडवलं, तर तो खरंच खोटा गजर होता का, याचा फिरून विचार करावा. ते बनवणाऱ्या कंपनीला कळवावं. प्रामाणिक कंपनी आपली फाइल मायक्रोसॉफ्टकडे पाठवून हा गजर दुरुस्त करून घेते.

नेहमीचे काही प्रश्न

'संगणक मंद चालतो, म्हणून बंद करायचं आहे.' टास्क मॅनेजरमध्ये 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही ओळ पुष्कळ शक्ती खाताना दिसते. तोच डिफेंडर. बहुधा त्याची नेमाने होणारी तपासणी तेव्हा चालू असते. ती पूर्ण होऊ द्यावी, की वेग परत येतो. रोजच मंद चालत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने पडणारा फरक अँटिव्हायरस बंद करून पडणार नाही.

'कायमचं बंद करायचा व्हिडिओ पाहिला, रजिस्ट्रीत बदल करायला सांगतात.' रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या आतल्या सेटिंगांचं कोठार. तिथला जुना 'डिसेबल अँटिस्पायवेअर' हा बदल घरगुती विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने २०२० मध्येच निकामी केला. हात लावून दुसरंच काही बिघडायची भीती मात्र उरते.

'बटण राखाडी दिसतं, दाबलंच जात नाही.' 'धिस सेटिंग इज मॅनेज्ड बाय युअर ॲडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलं असेल आणि संगणक कार्यालयाचा असेल, तर तिथल्या तंत्रज्ञाला विचारावं. स्वतःच्या घरच्या संगणकावर हे दिसलं, तर मात्र सावध व्हावं. आपण काही केलं नसताना हे कुणी केलं, याचा शोध घ्यावा.

'माझ्याकडे दुसरा अँटिव्हायरस आहे.' मग डिफेंडर बंद करायची गरज नाही. दुसरा बसला की तो आपोआप बाजूला होतो. आपल्या मराठी मातीतलंच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणारे संगणक पुन्हापुन्हा व्हायरसने बिघडलेले असत, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्रॅम लिहिला. १९९० च्या दशकातल्या त्या दुकानातून 'क्विक हील' उभं राहिलं आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदलं गेलं. असा कुठलाही अँटिव्हायरस घेतलात, तर तो एकच ठेवावा. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि संगणक दोघांच्या मध्ये अडकतो. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या चाचणीच्या अँटिव्हायरसची मुदत संपली असेल, तर पैसे भरावेत किंवा तो काढून टाकावा. काढला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

'माझं विंडोज १० आहे.' विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे अशा संगणकावर पहारा थांबवणं अधिक जोखमीचं आहे. झेपत असेल तर विंडोज ११ वर जावं.

'बँकेतून किंवा कंपनीतून फोन आला, त्यांनीच बंद करायला सांगितलं.' अशा वेळी फोन ठेवावा. आपण होऊन फोन करून पडदा पाहणारं ॲप बसवायला आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा माणूस मदतीसाठी आलेला नसतो.

गडबड झालीच तर

पडद्यावर आपण न उघडलेल्या खिडक्या येऊ लागल्या, फाइलींची नावं बदलली, पासवर्ड चालेनासे झाले, तर प्रथम इंटरनेट तोडावं. मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधला 'ऑफलाइन स्कॅन' सुरू करावा. यात संगणक बंद होऊन पुन्हा उघडतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्रॅमही सापडू शकतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

पासवर्ड त्याच संगणकावरून बदलू नयेत. दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा बदलावा आणि 'सगळीकडून लॉगआउट' हा पर्याय घ्यावा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. संगणक साफ करायची मोफत साधनं केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर मिळतात. हे केंद्र २०१७ पासून सुरू आहे.

हा लेख वाचून झाला, की आजच एक काम करावं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना, ते पाहावं. मग तळाशी जाऊन वगळलेल्या गोष्टींची यादी वाचावी आणि ज्या नोंदीचं कारण आपल्याला सांगता येत नाही, ती काढून टाकावी. घरातल्या दुसऱ्या संगणकावर आणि शेजारच्या आजी-आजोबांच्या लॅपटॉपवरही एवढं करून द्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.